इंडिकेटरला घाई का झाली?

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. ओहमचा नियम आजवर किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाही. पण हाच नियम गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्या जुन्या मोटारीने मला पुन्हा एकदा शिकवला. तो धडा थोडक्यावर निभावला, म्हणूनच आज तुम्हांला सांगता येतो आहे.

चिपळूणला नातेवाइकांकडे जाऊन आम्ही कराडला परत येत होतो. कुंभार्ली घाट चढून, कोयनानगर मागे टाकून पाटणच्या पुढे आलो तेव्हा दिवस मावळत होता. माझी नववीतली मुलगी शेजारी बसली होती. वाटेत एकदा मी उजव्या बाजूचा इंडिकेटर लावला, तशी ती म्हणाली, "बाबा, डावीकडे वळताना टिक्‌... टिक्‌ असा आवाज येतो. उजवीकडचा मात्र टिकटिकटिक असा घाईत वाजतोय."

"असेल. बॅटरी नवीन आहे ना, म्हणून जोरात चालत असेल," मी म्हणालो.

मित्रहो, हे उत्तर अगदी चूक होते. बॅटरी नवी असल्यामुळे घाई होत असेल, तर ती दोन्ही बाजूंना व्हायला हवी. एकट्या उजवीकडेच का? एवढा साधा विचारही मी केला नाही. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असे उत्तर दिले असते, तर मी त्याला उभे केले असते!

घराजवळच्या गल्लीत शिरण्यासाठी मी उजवीकडे वळू लागलो. इंडिकेटर लावलेलाच होता. तेवढ्यात मागून एक मोटारसायकल उजव्या बाजूने पुढे आली. दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या त्या गृहस्थाने करकचून ब्रेक दाबला, गाडी खडीवर घसरली आणि तो खाली पडला. सुदैवाने गुडघा खरचटण्यावर भागले. एक कॅन मात्र रस्त्यावर सांडला. उठता उठता तो म्हणाला, "अहो काका, वळताना लाइट तरी दाखवा!"

"दाखवला होता की!"

"दाखवला? मागे तर पार अंधार होता."

आम्ही दोघेही खरे बोलत होतो. माझ्या समोर, गाडीतल्या पाटीवर हिरवा बाण लुकलुकत होता. त्याच्या समोर काहीच लुकलुकत नव्हते. हे कसे काय झाले, आणि त्या 'टिकटिक'च्या घाईचा त्याच्याशी काय संबंध, ते आता पाहू.

आधी मोजणी

विज्ञानाची सुरुवात मोजण्यापासून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घरापुढे उभी केली, हँडब्रेक ओढला आणि मुलीच्या हाती घड्याळ दिले. डावीकडचा इंडिकेटर १५ सेकंदांत २१ वेळा मिचकावला, म्हणजे मिनिटाला ८४ वेळा. उजवीकडचा त्याच १५ सेकंदांत ४३ वेळा, म्हणजे मिनिटाला १७२ वेळा. जवळजवळ दुप्पट!

इंडिकेटरने किती वेगाने मिचकावावे, हे गाडी बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. आपल्याकडच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याची मर्यादा मिनिटाला किमान ६० आणि कमाल १२० अशी घातलेली आहे. त्याहून सावकाश मिचकावणारा दिवा एका दृष्टिक्षेपात ध्यानात येत नाही. फार घाईने मिचकावणाऱ्या दिव्याच्या तंतूला नीट तापायला आणि नीट विझायला वेळ मिळत नाही, त्यामुळे उजेड आणि काळोख यांतला फरक पुसट होतो. म्हणजे आमची डावी बाजू नियमात होती, उजवी नियमाबाहेर गेली होती.

थोडे गणित

आता या दिव्यांचा विद्युत परिपथ पाहू. पुष्कळ मोटारींत प्रत्येक बाजूला पुढे एक आणि मागे एक असे २१ वॉटचे दोन बल्ब असतात आणि पुढच्या चाकाजवळ किंवा आरशावर ५ वॉटचा एक लहान बल्ब असतो. हे तिन्ही बल्ब समांतर जोडणीत असतात. त्यामुळे एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. (इंजिन चालू असताना विभवांतर १४ व्होल्टच्या आसपास जाते, पण हिशेबाला आपण १२ च धरू.)

शक्ती = विभवांतर × विद्युतधारा, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच. तेव्हा २१ वॉटच्या बल्बातून २१ ÷ १२ = १.७५ अँपिअर धारा वाहील. तिन्ही बल्ब मिळून ४७ वॉट होतात, म्हणजे एकूण धारा सुमारे ३.९ अँपिअर. आता यांपैकी मागचा २१ वॉटचा बल्ब बंद पडला असे समजा. उरले २६ वॉट, आणि धारा झाली सुमारे २.२ अँपिअर.

३.९ आणि २.२ हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

मिचकावतो कोण?

बल्ब स्वतः मिचकावत नाही. त्याच्याकडे जाणारी धारा कोणीतरी जोडतो आणि तोडतो. हे काम करणाऱ्या डबीला फ्लॅशर म्हणतात. दिवे मिचकावायची पद्धत येण्यापूर्वी काही मोटारींना दाराच्या खांबातून बाहेर येणारा नारिंगी रंगाचा लहानसा हात असे. १९५० च्या सुमाराची मॉरिस मायनर गाडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तो आठवेल. अमेरिकेत ब्यूक कंपनीने आपल्या १९३९ च्या गाड्यांना मिचकावणारे दिवे बसवले, आणि पुढे हळूहळू तीच पद्धत जगभर रूढ झाली.

जुन्या फ्लॅशरमध्ये एक द्विधातू पट्टी असे. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या म्हणजे द्विधातू पट्टी तयार होते. तापवल्यावर पितळ पोलादापेक्षा जास्त वाढते. ५ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीचे तापमान १०० अंशांनी वाढवले, तर पितळेची बाजू सुमारे ०.०९५ मिलिमीटरने वाढू पाहते आणि पोलादाची ०.०६ मिलिमीटरने. फरक केसाच्या जाडीहूनही कमी! पण दोघी एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे पट्टी वाकते. पट्टीची जाडी अर्धा मिलिमीटर असेल, तर तिचे मोकळे टोक सुमारे अडीच मिलिमीटर सरकते. विजेचा संपर्क तोडायला एवढे अंतर पुरेसे आहे. कपड्यांच्या इस्त्रीत हीच युक्ती वापरतात. गणपतीच्या आराशीत पूर्वी ज्या लुकलुकणाऱ्या माळा असत, त्यांच्यातल्या एका बल्बात अशीच पट्टी असे.

इंडिकेटर लावला की धारा या पट्टीतून बल्बांकडे जाई. धारेने पट्टी तापे, वाके, संपर्क तुटे आणि दिवे विझत. मग पट्टी निवे, सरळ होई, संपर्क जुळे आणि दिवे पुन्हा लागत.

आता एक कोडे. अशा जुन्या गाडीचा एक बल्ब गेला तर काय होईल? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतः विचार करा.

पट्टीत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा ३.९ वरून २.२ वर आली, म्हणजे मूळच्या ०.५६ पट झाली. तिचा वर्ग सुमारे ०.३१. म्हणजे पट्टीला पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उष्णता मिळणार! साहजिकच पट्टी तापायला वेळ लागणार. मिचकावणे मंदावणार, किंवा पट्टी वाकण्याइतकी तापणारच नाही आणि उरलेले दिवे नुसतेच जळत राहणार. अशा फ्लॅशरच्या गाड्यांत तसेच होत असे.

मग माझ्या गाडीत उलटे का घडले? बल्ब बंद आणि घाई मात्र दुप्पट?

घाई मुद्दाम केलेली

याचे उत्तर असे की ही घाई निसर्गनियमाने आपोआप आलेली नाही. ती आरेखन करणाऱ्यांनी मुद्दाम घातलेली आहे.

पुढच्या काळात द्विधातू पट्टीची जागा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरने घेतली. यात वेळ मोजण्याचे काम एक धारित्र करते. धारित्रात विद्युत्प्रभार साठत जातो. ठरावीक पातळी गाठली की तो ओसरू लागतो, खालची पातळी आली की पुन्हा साठू लागतो. मडके भरावे, ओतावे, पुन्हा भरावे, तसेच हे. या चक्राच्या तालावर एक लहान विद्युतचुंबक, म्हणजे रिले, संपर्क जोडतो आणि तोडतो. तुम्हांला ऐकू येणारी 'टिक्‌ टिक्‌' ही त्या रिलेची.

याच डबीत आणखी एक पहारेकरी बसवलेला असतो. बल्बांकडे जाणारी सगळी धारा एका अत्यंत लहान रोधातून नेलेली असते. समजा, तो रोध ०.०२ ओहम आहे. ओहमच्या नियमाप्रमाणे, तिन्ही बल्ब जळत असताना त्याच्या दोन टोकांमधील विभवांतर ३.९ × ०.०२ = ०.०७८ व्होल्ट, म्हणजे ७८ मिलिव्होल्ट होईल. मागचा बल्ब गेला की ते २.२ × ०.०२ = ०.०४४ व्होल्ट, म्हणजे ४४ मिलिव्होल्ट होईल. फ्लॅशरमधला परिपथ या विभवांतराची तुलना एका ठरवलेल्या उंबरठ्याशी करतो. समजा, हा उंबरठा ६० मिलिव्होल्टचा आहे. ७८ त्याच्या वर आहे, तेव्हा सारे ठीक. ४४ त्याच्या खाली आहे, तेव्हा एक दिवा बंद आहे! मग परिपथ धारित्राच्या चक्राची मर्यादा अलीकडे ओढतो. मडके अर्धेच भरायचे, की लगेच ओतायचे. चक्र लवकर पुरे होते आणि मिचकावण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो.

ही युक्ती किती काटकसरीची आहे पाहा. चालकाला आपल्या गाडीचा मागचा दिवा दिसत नाही. त्याला कळवण्यासाठी वेगळी तार नको, वेगळा दिवा नको, वेगळी घंटा नको. जी टिकटिक त्याला रोज ऐकू येते, तिचीच चाल बदलायची! काल संध्याकाळभर गाडी मला हेच सांगत होती. मुलीने ते ऐकले होते. मी ऐकले नाही.

आमचा शोध

कारण कळले, पण दोष नेमका कोठे आहे हे अजून शोधायचे होते. अशा वेळी दिसेल तो भाग बदलत सुटू नये. प्रत्येक परीक्षेत काही संशयित निर्दोष ठरवून बाजूला काढावेत.

पहिली परीक्षा आधीच झाली होती. डावी बाजू नीट चालत होती. बॅटरी आणि फ्लॅशर दोन्ही बाजूंना सामाईक आहेत, तेव्हा ते दोघे निर्दोष. दोष उजव्या बाजूच्या बल्बांत, होल्डरांत किंवा तारांतच असणार. माझे 'नवी बॅटरी' हे उत्तर येथेच निकालात निघाले.

दुसरी परीक्षा पाहणीची. गाडीचे चारही कोपरे एकदम मिचकावणारे, संकटाची सूचना देणारे बटण दाबून आम्ही गाडीभोवती फेरी मारली. मागचा उजवा कोपरा अंधारात होता. पण मुलगी चकित झाली ती वेगळ्याच गोष्टीने. "बाबा, आता तर घाई नाही! वेग अगदी बरोबर आहे."

गणित करून पाहा. दोन्ही बाजू मिळून ९४ वॉट, म्हणजे ७.८ अँपिअर. एक २१ वॉटचा बल्ब बंद असला तरी सुमारे ६ अँपिअर उरतात. आपल्या हिशेबातला उंबरठा ३ अँपिअरचा. तेव्हा पहारेकऱ्याला संशय येत नाही. म्हणून बल्ब पाहायला हे बटण सोयीचे, पण वेग मोजायला उपयोगाचे नाही.

तिसरी परीक्षा बल्बची. तो बाहेर काढला. काच काळवंडलेली नव्हती, तंतू शाबूत होता. मल्टिमीटरने रोध मोजला, तो आला ०.६ ओहम. मुलीने वहीत हिशेब केला. १२ चा वर्ग १४४, भागिले २१, म्हणजे ६.९ ओहम. "उत्तर चुकतंय. बल्ब बिघडलेला आहे," ती म्हणाली.

बल्ब बिघडलेला नव्हता. ६.९ ओहम हा पेटलेल्या, पांढऱ्या प्रखर तंतूचा रोध आहे. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढत जातो. थंड तंतूचा रोध पेटलेल्या तंतूच्या दहाव्या हिश्श्याइतका, किंवा त्याहूनही कमी असतो. खात्री करण्यासाठी आम्ही डाव्या बाजूचा चांगला बल्ब उजव्या होल्डरमध्ये घातला आणि उजवीकडचा डावीकडे. डावा कोपरा पेटला. उजवा अंधारातच राहिला. दोष बल्बबरोबर हलला नाही, जागेवरच राहिला. तेव्हा बल्बही निर्दोष!

चौथी परीक्षा तारेची. येथे मी काट्याचा जुना मल्टिमीटर घेतला, कारण धारा चालू-बंद होत असताना काट्याचे हेलकावे आकड्यांपेक्षा चांगले दिसतात. बल्ब काढून होल्डरच्या तळाचा मधला संपर्क आणि गाडीचा लोखंडी सांगाडा यांमध्ये मीटर जोडला. काटा शून्यावरून १२ वर आणि पुन्हा शून्यावर असा झुलू लागला. म्हणजे वीज होल्डरपर्यंत येत होती. मग अडले कोठे?

वीज येते, पण जाते का?

मित्रहो, येथेच पुष्कळांची चूक होते. वीज 'येते' एवढे पाहून भागत नाही. तिला परत जाण्याचा मार्गही हवा. मोटारीत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि सांगाडा हाच परतीचा मार्ग असतो. गॅरेजमध्ये याला अर्थ किंवा अर्थिंग म्हणतात. बल्बची पितळी टोपी होल्डरला टेकते आणि होल्डरची एक पत्र्याची जीभ सांगाड्याशी जोडलेली असते.

पाचव्या परीक्षेत बल्ब परत बसवला आणि होल्डरचे पितळी कडे व सांगाडा यांमधील विभवांतर मोजले. ही दोन्ही ठिकाणे एकमेकांना जोडलेली असली पाहिजेत, म्हणजे तेथे शून्य व्होल्ट यायला हवा. प्रत्यक्षात काटा १२ व्होल्टपर्यंत झुलत होता! जेथे शून्य हवा तेथे १२ मिळाले. चोर सापडला.

असे का व्हावे? परतीचा मार्ग तुटल्यामुळे धारा वाहत नव्हती. धारा नाही, म्हणजे बल्बच्या तंतूत विभवांतराची घटही नाही. म्हणून तंतूच्या अलीकडे जे १२ व्होल्ट होते, तेच पलीकडेही. मुलीने दिव्याचे आच्छादन उलटून पाहिले. कडेचे रबर एका जागी फाटलेले होते. पावसाळाभर तेथून पाणी झिरपले होते आणि पत्र्याची जीभ जेथे होल्डरला जोडलेली होती, तेथे हिरवट-पांढरा गंज साचला होता. इंडिकेटर बंद करून आम्ही पॉलिश पेपरने ती जागा घासली, जीभ किंचित वाकवून घट्ट केली आणि रबर बदलले. उजवा कोपरा पेटला. पुन्हा मोजले: १५ सेकंदांत २१.

गाड्यांचे वायरिंग करणारे आमच्या ओळखीचे मिस्त्री आहेत. त्यांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, मीटरवर एकदम भरवसा ठेवू नका. साधा बल्ब लावून बघत जा." त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मीटर नगण्य धारा घेतो. त्यामुळे गंजक्या संपर्कातूनही तो १२ व्होल्ट दाखवू शकतो. बल्ब मात्र खरी धारा मागतो. समजा, संपर्कात गंजामुळे अवघा १ ओहम रोध आला आहे. तर परिपथाचा एकूण रोध ७.९ ओहम होईल, धारा १.५ अँपिअरवर येईल आणि बल्बच्या वाट्याला साडेदहा व्होल्टच उरतील. तंतूचा प्रकाश विभवांतराच्या सुमारे साडेतीनाव्या घाताप्रमाणे बदलत असल्याने उजेड जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटेल! हे मीटरवर कळणार नाही. बल्ब लावताच डोळ्यांना दिसेल.

आणखी काही संशयित

प्रत्येक घाईमागे गंजच असतो असे नाही. बहुतेक वेळा बल्बचा तंतूच तुटलेला असतो आणि नवा बल्ब घातला की काम होते. पण नवा बल्ब घातल्यावरच घाई सुरू झाली तर? त्यावरचा आकडा वाचा. ५ वॉटचा एक बल्ब २१ वॉटच्या काही होल्डरांत बेमालूम बसतो. सगळे दिवे जळतात, पण एकूण ३१ वॉटच होतात. धारा २.६ अँपिअर, विभवांतर ५२ मिलिव्होल्ट, म्हणजे उंबरठ्याच्या खाली. नारिंगी काचेच्या २१ वॉट बल्बच्या टोपीवरील दोन खुंट्या अगदी समोरासमोर न ठेवता एका बाजूला सरकवलेल्या असतात. त्यामुळे तो बल्ब आणि पांढरा बल्ब एकमेकांच्या होल्डरांत बसत नाहीत. न बसणारा बल्ब म्हणूनच जोर लावून बसवू नये.

मोटारसायकलींवरही हेच गणित चालते. पुष्कळ मोटारसायकलींना प्रत्येक बाजूला १० वॉटचे दोन बल्ब असतात. एक गेला की धारा थेट निम्मी होते. उलट मोटारीतला ५ वॉटचा लहान बल्ब गेला तर आपल्या हिशेबात विभवांतर ७० मिलिव्होल्ट राहते आणि पहारेकऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणजे वेग ठीक आहे, यावरून सारे दिवे ठीक आहेत असे म्हणता येत नाही.

हल्ली बल्बच्या जागी एलईडी दिवे बसवण्याची हौस अनेकांना असते. एलईडी तेवढाच प्रकाश फार थोड्या धारेत देतो. हा त्याचा गुण, पण जुन्या फ्लॅशरला तो तुटलेला बल्बच वाटतो. दिवे उत्तम जळत असतात आणि फ्लॅशर घाई करत असतो. यावर उपाय म्हणून दुकानदार एलईडीला समांतर एक रोधक जोडून देतात. तो सहसा ६ ओहमचा असतो. १२ व्होल्टला त्यातून २ अँपिअर धारा जाते आणि तो चालू असताना २४ वॉट उष्णता बाहेर टाकतो. प्लॅस्टिकला किंवा तारांना टेकला तर त्यांना जाळू शकतो. शिवाय उद्या एलईडी बंद पडला तरी रोधक आपली धारा घेतच राहील, आणि पहारेकरी 'सारे ठीक' असेच सांगत बसेल! त्यापेक्षा एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर बसवणे बरे. पण बल्ब तुटलेला असताना फक्त टिकटिक थांबावी म्हणून फ्लॅशर बदलणे म्हणजे आगीची घंटा वाजते म्हणून तिची तार कापण्यासारखे आहे.

नव्या गाड्यांत हे काम एक लहान संगणकच करतो. पुष्कळ गाड्यांत रिलेच नसतो. टिकटिक ध्वनिवर्धकातून काढलेली असते. आरंभापासूनच एलईडी असलेल्या गाडीत त्या एलईडीला साजेसा उंबरठा ठरवलेला असतो. पण दिवा बंद पडल्याची सूचना म्हणून घाईत मिचकावण्याची रीत अनेक गाड्यांनी कायम ठेवली आहे. कारण चालकांचे कान तिला सरावलेले आहेत.

तुम्ही करून पाहा

घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन घरच्या गाडीचे इंडिकेटर १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजा. दोन्ही बाजू सारख्याच घाईत असतील, तर सामाईक भागाचा, म्हणजे फ्लॅशरचा, किंवा सगळीकडे बसवलेल्या एलईडींचा संशय घ्या. एकच बाजू घाईत असेल, तर त्या बाजूचे दिवे पाहा. गाडी सपाट जागी आणि हँडब्रेक ओढलेली असावी. नुकत्याच जळलेल्या बल्बला हात लावू नये, तो पोळतो. बॅटरीच्या टोकांना पाना किंवा पक्कड टेकू देऊ नये.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मोटारीचा २१ वॉटचा बल्ब, १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन मीटर एवढ्यावर थंड आणि तप्त तंतूच्या रोधांतला फरक वर्गात दाखवता येतो. ओहमचा नियम कोठे लागू पडतो आणि तो वापरताना तापमान का विसरू नये, हे विद्यार्थ्यांना यातून चटकन कळते.

शेवटी त्या दूधवाल्या गृहस्थांविषयी. दोष सापडल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना सांगायला हवं. त्यांना वाटत असेल, तुम्ही खोटं बोललात." आम्ही दोन संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी ते भेटले. मी म्हटले, "चूक तुमची नव्हती. मागचा दिवा खरोखरच बंद होता." सांडलेल्या दुधाचे पैसे ते आढेवेढे घेत घ्यायला तयार झाले. मग आमच्या गाडीमागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लावा बघू आता." मी उजवा इंडिकेटर लावला.

"आता दिसतोय," ते म्हणाले.

गाडीच्या आत टिकटिक संथपणे चालली होती. तेव्हापासून मुलीने नियम केला आहे: दर रविवारी एकाने गाडीत बसायचे आणि एकाने मागे उभे राहायचे.